'डिश्चार्ज'ला मराठीत काय म्हणावं? एका थडग्यावरच्या ओळीचं भाषांतर

मेहरूणकाठ: मंडळी, तीन दिवस एका ओळीवर अडकलेय. वाचनालयात वाचायला छोटा लेख करतेय, लिओनार्ड मॅटलोविच या अमेरिकन हवाई दलातल्या सार्जंटवर. व्हिएतनामात तीनदा जाऊन आला, ब्राँझ स्टार आणि पर्पल हार्ट ही पदकं मिळाली, आणि १९७५ मध्ये त्याने स्वतःहून वरिष्ठांना पत्र दिलं की मी गे आहे. त्याच वर्षी त्याला काढलं. १९८८ ला वारला. वॉशिंग्टनला त्याच्या थडग्याच्या दगडावर नावाच्या जागी 'एक गे व्हिएतनाम व्हेटरन' एवढंच आहे आणि खाली ही ओळ, माझा कच्चा मसुदा असा: "मी सैन्यात असताना दोन पुरुषांना मारलं म्हणून त्यांनी मला पदक दिलं आणि एकावर प्रेम केलं म्हणून डिश्चार्ज." डिश्चार्ज तसाच ठेवू का? आपल्याकडे आईला दवाखान्यातून डिश्चार्ज मिळाला की पेढे वाटतात. सेवामुक्त लिहिलं तर हारतुरे घालून निरोप दिल्यासारखं वाटतं, आणि बडतर्फ म्हटलं की लाच खाल्लेला कर्मचारी डोळ्यासमोर येतो.

पांझराकाठ: बडतर्फच लिहा. मूळ फारसी बरतरफ, तरफ म्हणजे बाजू, बाजूला सारलेला. त्या माणसाला बाजूलाच सारलं ना? लाचेचा वास नंतर पेपरवाल्यांनी चिकटवला, शब्दाचा त्यात दोष नाही. आम्ही धुळ्याचे, राजवाड्यांच्या गावचे, शब्दाचं मूळ बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

वाघूर: एक परका शब्द काढून दुसरा परका कशाला? राज्यव्यवहारकोश झाला तो फारसी काढायलाच. 'सेवाच्युत' लिहा. आणि गे नको, समलिंगी लिहा, आपला नीट शब्द आहे.

चोपड्याची: सेवाच्युत वाचनालयात वाचून दाखवा आणि बघा किती जणांना कळतं. गे शब्द त्याने स्वतः दगडावर घातलाय, तो का बदलायचा?

हवालदार_पारोळा: ताई, डिश्चार्ज शब्दात काही वाईट नाही. फौजेत २४ वर्षं नोकरी करून पेन्शन आलेला माणूस पण डिश्चार्जच होतो. माझं डिश्चार्ज बुक लोखंडी पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत आहे, पोरांच्या दाखल्यांच्या वर, सैनिक कल्याण ऑफिसला कुठल्याही कामाला गेलो की आधी तेच मागतात. त्यात कॅरेक्टरचा शेरा असतो, माझा एक्झेम्प्लरी, म्हणजे आदर्श, असा आहे. ज्याला खरंच काढलं त्याला आम्ही म्हणतो नाव कटलं, नाहीतर घरी पाठवलं.

मेहरूणकाठ: नाना, हे मला माहीतच नव्हतं, फार उपयोगी पडलं. अमेरिकेतही डिश्चार्जच्या पायऱ्या आहेत, सन्मानाचा, साधा, बेअब्रूचा वगैरे. दुसऱ्या महायुद्धात तर निळ्या कागदावरचा एक असायचा, ना सन्मानाचा ना बेअब्रूचा, समलिंगी असल्याच्या संशयावरून कितीतरी जणांना तो दिला, काळ्या सैनिकांनाही खूप दिला. नोकरी मागायला गेलं की मालक कागदाचा रंग बघूनच नको म्हणायचा. १९४७ ला तो बंद झाला.

वाघूर: नाव 'कटलं' हे हिंदी. मराठीत नाव कमी केलं.

हवालदार_पारोळा: आमच्या घरात अहिराणीत 'त्यानं नाव कटी गयं' असंच म्हणतात, माझ्या आजीला हिंदी येत नव्हतं.

चोपड्याची: मला 'पुरुष' खटकतोय. माणूस लिहा. इकडे बायका नवऱ्याला माझा माणूस म्हणतात, माझी आजी जन्मभर तसंच म्हणाली. "दोन माणसं मारली म्हणून मेडल दिलं, एका माणसाला जीव लावला म्हणून नाव कापलं." एकच शब्द दोनदा येतो आणि दुसऱ्यांदा तो घरातला होतो.

पांझराकाठ: माणूस म्हणजे कुणीही, बाई पण माणूसच. मग वाचणाऱ्याला मुद्दा कसा कळणार? इंग्रजीत स्पष्ट पुरुष आहेत.

अनेरकाठ: शब्द कुठलाही घाला, पण हे अमेरिकेचं झालं. आपल्या लष्करात हा प्रश्नच नाही. २०१९ च्या जानेवारीत तेव्हाचे लष्करप्रमुख बिपीन रावत पत्रकारांसमोर बोलले होते की लष्करात हे चालू देणार नाही.

चोपड्याची: प्रश्नच नसता तर बोलावं का लागलं असतं? ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने दंडसंहितेच्या कलम ३७७ च्या गुन्ह्यातून प्रौढांचा राजीखुशीचा संबंध काढला, पण फौजेला १९५० चा आर्मी ॲक्ट आहे आणि घटनेच्या कलम ३३ मुळे तिथं मूलभूत हक्कांना कात्री लावता येते. म्हणजे माणसं आहेत, फक्त बोलत नाहीत.

सुट्टीवर: मी इथं फक्त वाचत असतो, आज पहिल्यांदा लिहितोय. सतरा वर्षं फौजेत होतो, गाव शिंदखेड्याकडे, याहून जास्त सांगत नाही. ज्याला जीव लावला तो माझा बडी, म्हणजे ड्युटीतला जोडीदार होता. एका ताटात जेवायचो, रात्रीच्या ड्युटीला माझा कानटोप ओला असला की त्याचा घालायचो, त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास यायचा त्याला. त्याला कधी सांगितलं नाही. सुट्टीवर आलो की गल्लीतल्या बाया आईला म्हणायच्या, फौजी शे, पोरी चालीसन येतीन, आणि मी सुट्टी संपायच्या आधीच परत निघायचो. माझं नाव कटलं नाही, बुकात माझाही एक्झेम्प्लरी आहे, पण तो शेरा वाचला की वाटतं हा नक्की कोणाला दिलाय. ताई, डिश्चार्जचं तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा, पण ओळीत 'त्यांनी मला' आहे त्यातला 'त्यांनी' काढू नका. चोपड्याच्या ताईंनी तो गाळलाय. फौजेत कोणी त्यांनी म्हणत नाही, आपली पलटण, आपले साहेब, आपला लंगर असंच तोंडात असतं, अजून आहे माझ्या. त्याला त्यांनी म्हणावं लागलं.

चोपड्याची: हो दादा, माझ्याकडून गळला. चूक झाली.

हवालदार_पारोळा: भाऊ, कोणती पलटण ते विचारत नाही. पारोळ्याला कधीही ये, बसस्टँडवर घ्यायला येईन.

मेहरूणकाठ: 'त्यांनी' राहणार. माणूस का पुरुष ते अजून होत नाहीये. आणि 'व्हिएतनामचा माजी सैनिक' लिहिलं तर तो व्हिएतनामच्याच बाजूने लढला असं वाटतं, 'व्हिएतनाम युद्धातला' लिहिलं तर लांबतं. शनिवारी वाचायचंय.

पांझराकाठ: पलटण शब्द निघालाच आहे तर सांगतो, तो बटालियनवरून आलाय.

वाघूर: प्लॅटूनवरून. उच्चार करून बघा, 'प' कुठून आला मग?

पांझराकाठ: 'ब'चा 'प' होतो. पलटणीत शेकड्यांनी माणसं असतात, प्लॅटून म्हणजे तीसचाळीस जण, अर्थ कुठे जुळतो?

सुट्टीवर: नाना, बुधवारी येऊ का?

हवालदार_पारोळा: ये. जेवायलाच ये.