अँजिओग्राफीच्या चित्रात डावे-उजवे कसे ठरवावे? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांची गेल्या महिन्यात मिरजेत अँजिओग्राफी झाली आणि हृदयाच्या उजव्या धमनीच्या मधल्या भागात अडथळा असल्याचे अहवालात नमूद आहे. दुसरे मत घेण्यासाठी आम्ही पुण्याला जाणार आहोत. त्यासाठी भाच्याने सीडीवरून तयार केलेली छोटी चित्रफीत आणि मूळ सीडी मी सांगलीत घरी शेजारी-शेजारी लावून पाहिली, तेव्हा एकाच धमनीची वळणे दोन्हींत उलट दिशांना दिसली. उपचारांचा निर्णय डॉक्टरच घेतील. मात्र त्यांच्यासमोर चुकीचे चित्र ठेवले जाऊ नये, एवढ्यासाठी विचारतो आहे.

अँजिओग्राफीपूर्वी केलेल्या सीटीबाबत मला अडचण आली नाही. तिचे आडवे छेद रुग्णाच्या पायांकडून पाहिल्यासारखे दाखवले जातात, त्यामुळे रुग्णाची उजवी बाजू पडद्याच्या डावीकडे येते. शिवाय प्रत्येक छेदाच्या फाइलमध्ये दिशा सांगणारे सहा आकडे असतात. आमच्याकडे ते १, ० , ०, ०, १, ० असे आहेत, म्हणजे चित्रबिंदूंची ओळ रुग्णाच्या डावीकडे आणि स्तंभ पाठीकडे जातो. अँजिओग्राफी मात्र क्ष-किरणांनी पडलेली सावली असल्याने तिच्या फाइलमध्ये हे आकडे नाहीत. तेथे यंत्राच्या बाहूचे दोन कोन आहेत. पहिला कोन धन असेल तर डिटेक्टर (क्ष-किरण टिपणारा भाग) रुग्णाच्या डावीकडे झुकलेला असतो, म्हणजे एलएओ (समोरून डावीकडे तिरके दृश्य). ऋण असेल तर आरएओ (समोरून उजवीकडे तिरके दृश्य). दुसरा कोन धन असल्यास क्रेनियल (डोक्याकडे झुकलेले), ऋण असल्यास कॉडल (पायांकडे झुकलेले). दृश्याचे नाव क्ष-किरण नळीच्या नव्हे, तर डिटेक्टरच्या जागेवरून पडते, हे समजायला मला दोन दिवस लागले.

वादाच्या दृश्याचा पहिला कोन +४० आहे. सीडीवर त्यात मणके पडद्याच्या उजवीकडे आहेत आणि उजवी धमनी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळते. एलएओमध्ये हेच अपेक्षित आहे. चित्रफितीत मणके डावीकडे आहेत. तेवढ्यावरून ते आरएओ मानावे, तर तेथे ही धमनी ‘एल’ अक्षरासारखी दिसायला हवी, आणि येथे मात्र उलटा ‘सी’ दिसतो. त्यामुळे दृश्य वेगळे नसून तेच आरशातल्यासारखे फिरले आहे, असे माझे मत झाले आहे. हृदय मुळातच उजवीकडे असण्याची शक्यताही मी तपासली. वडिलांच्या छातीच्या जुन्या एक्स-रेत ते डावीकडेच आहे.

चित्रफितीवरील अक्षरे सरळ वाचता येतात, म्हणून भाचा ती योग्यच असल्याचे सांगतो. परंतु चित्र पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे वरून स्वतंत्रपणे काढली जातात, त्यामुळे ‘फ्लिप’ (चित्र उलटवणे) दाबले गेले तरी ती उलटत नाहीत, असे मला वाटते.

कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात त्या विभागात) काम करणाऱ्या किंवा डायकॉम (वैद्यकीय चित्रे साठवण्याचा प्रकार) फाइल जाणणाऱ्या सदस्यांनी कृपया सांगावे: मणके आणि धमनीचा आकार या दोन खुणा पुरेशा आहेत का? आमच्या फाइलमध्ये रुग्णाची दिशा दाखवणाऱ्या अक्षरांची जागा रिकामी आहे. अशा वेळी सीडीवरील मूळ चित्रच उलटे साठवले गेलेले नाही, याची खात्री आणखी कशावरून करता येईल? आणि पुण्याला चित्रफीत वगळून केवळ सीडी न्यावी, की दोन्ही नेऊन हा फरक डॉक्टरांना आधीच सांगावा?