खुरचाफा पाच वर्षांचा झाला, फूल एकही नाही. मदत हवी आहे

मंडळी, माहेरी चिपळूणजवळ विहिरीपाशी जुना खुरचाफा आहे, पांढरी फुलं आणि आत पिवळा रंग. २०२० च्या फेब्रुवारीत बाबांनी त्याची हातभर फांदी कापून दिली. "चीक वाळू दे, आठ दिवस सावलीत ठेव, मगच लाव," असं बजावलं होतं. तसंच केलं. तळेगावच्या अंगणात ती अशी लागली की आता झाड माझ्या डोक्यावर गेलंय. पानं फूटभर लांब, टोकदार. पण आजवर एक कळी नाही.

ऊन सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत. पाणी बारा महिने दिवसाआड. नर्सरीवाल्याच्या सांगण्यावरून दर महिन्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत), शिवाय पावसाळ्याआधी दोन पाट्या शेणखत. फांद्या गेटवर येतात म्हणून आमचे अहो दर मार्चमध्ये सगळे शेंडे एका उंचीला छाटतात.

दुसरं दुखणं म्हणजे ऑगस्टमध्ये पानांच्या खालून केशरी भुकटी येते. बोट फिरवलं तर हळद लागल्यासारखं होतं. मग पानं पिवळी पडून गळतात. थंडीत पानगळ होते हे ठाऊक आहे, पण भर पावसात?

शेजारच्या काकू म्हणतात, दारात चाफा नकोच, काढून टाका. तो सल्ला सोडून बाकी काहीही सांगा.

प्रतिसाद १
ताई, आधी अहोंच्या हातातली कात्री काढून घ्या. खुरचाफ्याचा तुरा फांदीच्या शेंड्यालाच येतो. तुम्ही नेमके कळ्या धरायच्या वेळेला शेंडे उडवताय. कापाखाली दोन-तीन नवे फुटवे येतात, ते तयार होईपर्यंत पुढचा मार्च आणि पुन्हा कात्री! गेटवर येणारी फांदीच तेवढी काढा, तीही थंडीत पानं गळाल्यावर.

१९:१९:१९ थांबवा. नत्रामुळे नुसता पाला माजतो. शेणखत एक पाटी पुरे. पानं नसताना पाणी जवळजवळ बंद करा, त्याच्या मांसल खोडात साठा असतो. उलट मुळाशी ओल राहिली तर खोड कुजतं.

केशरी भुकटी म्हणजे तांबेरा, बुरशी आहे. गळलेली पानं रोज गोळा करून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये अजिबात नको. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, उघडीप बघून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. तांबेऱ्याने झाड मरत नाही, फक्त दिसायला वाईट.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. पानं बोथट असतील तर ती वेगळी जात, ती थंडीतही बरीच हिरवी राहते. तुमची टोकदार, म्हणजे पानगळ होणारच. आणि काकूंना सांगा, हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं, तरी आपल्याकडे देवळाच्या आवारात सर्रास असतं. तिथे चालतं तर तुमच्या दारात का नाही?

धागाकर्ती
आत्ता बॅटरी घेऊन बघून आले. प्रत्येक फांदीवर वर्षावर्षाच्या कापाच्या गाठी आहेत, एकीवर एक चार. अहो म्हणाले, "मला काय माहीत, मेंदीला चालतं की!"

पण खरी गंमत पुढे. मार्चमध्ये छाटलेले शेंडे मागच्या भिंतीला टेकवून ठेवले होते, टाकायचे राहून गेले. माती नाही, पाणी नाही, आणि त्यातल्या दोघांच्या टोकाला कळ्यांचा हिरवा झुबका आलाय! आता हे कुंडीत लावताना कळ्या ठेवू की खुडू? खुडायला हात होत नाहीये.