मदत हवी आहे : मे महिन्यात आंजर्ल्याला दोन रात्री तंबूत, चिकन-दही-इन्सुलिन थंड कसं ठेवावं?

सुरूबन
मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही आठजण (त्यात दोन लहान मुलं) पुण्याहून ताम्हिणीमार्गे आंजर्ल्याला जातोय. शुक्रवारी पहाटे निघायचं, रविवारी दुपारी परत. ओळखीच्यांच्या वाडीत तंबू टाकणार. विहिरीचं पाणी आहे, वीज नाही.
थंड ठेवायचं सामान : मसाला लावलेलं चिकन दीड किलो, पनीर एक किलो, दूध दोन लिटर, दही एक किलो, लोणी, पन्हं, कोल्ड्रिंकच्या एक-एक लिटरच्या १२ बाटल्या, अंडी ३०. शिवाय सासूबाईंचं इन्सुलिन.
जवळ ३० लिटरचा प्लास्टिकचा आईसबॉक्स आहे आणि मासेवाल्यांकडे असते तशी थर्माकोलची पेटी. घरचा फ्रीझर नेहमीच्या दोन दारी फ्रिजचा. बर्फ किती लागेल, कुठे मिळेल, आणि गाडीवर चालणारा छोटा फ्रिज भाड्याने घ्यावा का?

पाटावरवंटा
आधी यादी कापा. दूध टेट्रापॅकचं घ्या, न फोडता बाहेर राहतं. अर्ध्या लिटरचे चार पॅक घ्या, म्हणजे फोडलेला लगेच संपतो. अंडी न धुता सावलीत ठेवली तर दोन दिवस काही होत नाही. पन्ह्याचा नुसता गर न्या, पाणी तिथे घाला. सोलकढी करायची असेल तर कोकमाचं आगळ आणि अख्खे नारळ न्या. काढलेलं नारळाचं दूध त्या उकाड्यात फार लवकर आंबतं.
मग थंडाव्याची खरी गरज चिकन, पनीर, दही, लोणी एवढ्यालाच उरते.

हिमखंड
पाटावरवंटांशी सहमत. आता बर्फाचा हिशोब.
एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. तुमची १२ लिटर कोल्ड्रिंक ३२ अंशांवरून ५ अंशांवर आणायला १२ × २७ = ३२४ किलोकॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे चार किलो बर्फ निव्वळ त्यातच गेला. त्याच बाटल्या घरून फ्रिजमध्ये थंड करून नेल्या तर हे चार किलो वाचतात. बर्फाचं काम थंड वस्तू थंड राखण्याचं. गरम वस्तू थंड करायला तो लावला की दुपारपर्यंत पेटीत पाणी.
भिंतींतून आत येणारी उष्णता वेगळी. एक इंच जाडीच्या ३० लिटरच्या पेटीला कोकणातल्या मेच्या हवेत दिवसाला साधारण पाच-सहा किलो बर्फ लागतो, आणि तोही झाकण बंद असेल तर. स्वस्त आईसबॉक्सचं झाकण बऱ्याचदा आतून पोकळ असतं, फोम फक्त भिंतींत. बोटाने वाजवून बघा. पोकळ वाटलं तर वरून जाड चादर किंवा योगा मॅट घट्ट बांधा.

दोन पेट्या दोन कामांना : आईसबॉक्स जेवणाचा, थर्माकोलची पेटी पेयांची. मुलं दर दहा मिनिटांनी पाणी मागणार, त्यासाठी चिकनची पेटी उघडायची नाही.

तयारी अशी. मंगळवारपासून एक लिटरच्या दहा बाटल्या गोठवायला घ्या. गळ्याखाली चार बोटं रिकामी ठेवा, कारण पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं. एका वेळी तीन-चारच ठेवा. दहाही एकदम कोंबल्या तर फ्रीझरमधली हवा फिरत नाही आणि मधल्या बाटल्या दोन दिवसांनीही आतून पाणीच राहतात. चिकन मसाल्यासकट दोन पिशव्यांत, चपटं पसरून दगड करा. पनीरही गोठवलेलं चालतं, थोडं भुसभुशीत होतं पण भाजीला कळत नाही. दही गोठवू नका, फुटतं.
गुरुवारी रात्री दोन गोठलेल्या बाटल्या रिकाम्या आईसबॉक्समध्ये टाकून झाकण लावा. सकाळी त्या बदला. बॉक्सच्या भिंती आधीच गार झालेल्या असतात.
भरताना तळाला चार बाटल्या आडव्या, त्यांच्यामध्ये चिकन, वर पनीर आणि लोणी, मग एक पुठ्ठा, त्यावर दही, आणि सगळ्यात वर उरलेल्या चार बाटल्या. थंड हवा खाली बसते म्हणून वरही बर्फ हवा. पोकळ जागेत वर्तमानपत्राचे बोळे. चिकनची पिशवी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. तिचं पाणी दह्याच्या डब्याला लागता कामा नये.
या बाटल्यांतला बर्फ साधारण सात किलो, म्हणजे शुक्रवारी पहाटेपासून शनिवारी सकाळपर्यंत पुरेल. चिकन शुक्रवारी रात्रीच संपवा. आणि घाटात पेटी डिकीत नको, एसीच्या हवेत मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. उन्हात उभ्या गाडीत ५० अंश सहज होतात.

सुरूबन
खूप उपयोगी! शनिवारसाठी बर्फ कुठून?

हर्णैकर
हर्णै बंदरातून. आंजर्ल्याहून जवळच. मासळीचा लिलाव होतो तिथे बर्फाला तोटा नाही. पूर्ण लादी घेऊ नका, तुम्हाला आठ-दहा किलोचा तुकडा बस. गोणपाटात गुंडाळून मागा. तुकडा अखंड ठेवाल तितका टिकतो. टोच्याने बारीक केलात की पृष्ठभाग वाढतो आणि वितळतोही तितक्याच वेगाने. फोडायचा तो फक्त पेयांच्या पेटीसाठी.
एक गोष्ट कटाक्षाने : हा बर्फ मासळीचा आहे, पोटात घ्यायचा नाही. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग टाकण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, पण पांढरा दिसला म्हणून पिण्याचा समजू नका. ग्लासात टाकायला तुमच्या गोठवलेल्या बाटल्यांतलं गार पाणी वापरा. लादी जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनच पेटीत ठेवा.
मासे घेणार असाल तर ते त्याच दिवशी खायचे. कल्ले आणि पोट तिथेच साफ करून घ्या, एक किलो माशाला एक किलो बर्फ, खाली थर, वर थर. बांगडा आणि कुपा (ट्युना) यांच्या बाबतीत हयगय नको. हे मासे उकाड्यात राहिले की त्यांत हिस्टामाइन तयार होतं, आणि ते तळून-शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल, अंगावर गांधी, डोकं ठणकतं. वासावरून दर वेळी कळतंच असं नाही.

घाटमाथा
फ्रिज भाड्याने नको, ओला गोणपाट आणि माठ पुरे. पेटीवर ओला गोणपाट टाका, वाऱ्याने गार राहते.

हिमखंड
घाटमाथा, तुमचा उपाय जुन्नर-नाशिककडे मार्च-एप्रिलमध्ये उत्तम. तिथली हवा कोरडी. किनाऱ्यावर ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना ओलं कापड २८ अंशांच्या खाली जात नाही. कोथिंबीर टवटवीत राहील, चिकन नाही. आंजर्ल्यात गोणपाट कोरडाच पांघरा, वर पांढरी चादर. पेटी वाळूवर ठेवू नका, दोन विटांवर किंवा फळीवर ठेवा, आणि सावली सरकते हे लक्षात घेऊन दुपारी जागा बदला.
फ्रिजबद्दल : जो स्वस्तात मिळतो तो बहुतेक कॉम्प्रेसर नसलेला असतो. तो बाहेरच्या हवेपेक्षा १५-२० अंशच खाली जातो, म्हणजे आत १५ अंश. मांस-दूध ५ अंशांच्या आत हवं. कॉम्प्रेसरवाला खरा फ्रिज चालेल, पण गाडी बंद ठेवून रात्रभर चालवला तर सकाळी गाडी सुरू न होण्याचा धोका असतो. दोन रात्रींसाठी बर्फच बरा.

घाटमाथा
आर्द्रतेचा मुद्दा मान्य. पण पेटीत साठलेलं पाणी काढायचं की नाही? मी तर काढतो.

हिमखंड
नव्या बर्फाच्या वेळीच काढा. शून्याजवळचं पाणीही गारच असतं, ते काढलं की त्या जागी गरम हवा शिरते. अट एकच, अन्नाचे डबे पाण्यात तरंगता कामा नयेत. पेयांच्या पेटीत तर पाणी हवंच. बर्फ-पाण्याच्या मिश्रणात बाटली चारी बाजूंनी गार होते, नुसत्या खड्यांना ती जेमतेम टेकते. घाई असेल तर कळशीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाड मीठ. मीठ जेवणाच्या पेटीत मात्र नाही, बर्फ भराभर संपतो.

औषधवाली
इन्सुलिनचं कुणी बोललं नाही, ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. वापरात असलेलं पेन साधारणपणे ३० अंशांखाली चालतं (नेमका आकडा खोक्यातल्या पत्रकात बघा), पण मेमध्ये तंबूतलं तापमान दुपारी त्याच्या वर जातं. न उघडलेलं २ ते ८ अंशांत. आणि गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी वापरायचं नाही, टाकून द्यायचं. म्हणून जेवणाच्या पेटीत, गोठलेल्या बाटल्यांना चिकटून तर मुळीच नको.
पेयांच्या पेटीत पाणी-बर्फ असल्याने तिथे शून्याच्या खाली जात नाही. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा, डबा बर्फाच्या वर, पाण्यात बुडेल असा नाही. त्याच डब्यात छोटा डिजिटल थर्मामीटर टाका. कळशीतलं मीठ या पेटीत ओतू नका, तापमान शून्याखाली जातं. एक जादा पेन वेगळ्या गाडीत, वेगळ्या डब्यात न्या.

सुरूबन
सासूबाईंना वाचून दाखवलं, थर्मामीटर आजच मागवते. शेवटचा प्रश्न : रविवारी पनीर किंवा दही उरलं तर परत आणावं का?

पाटावरवंटा
पेटी उघडताच पनीरच्या डब्याला हात लावा. फ्रिजमधून काढल्यासारखं गार असेल आणि वर बर्फ शिल्लक असेल तर दुपारच्या जेवणात संपवा. कोमट लागलं तर चव बघू नका, टाका. ५ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलेलं ठेवायचं नाही, आणि बाहेर ३२ च्या वर असेल तर एकच तास. परतीच्या सहा तासांसाठी बर्फ उरत नसतो, तेव्हा पुण्याला काहीच आणू नका. उरलेलं दही शनिवारी रात्रीच ताक करून संपवा.