गुन्ह्यांवरच्या माहितीपटांत मेलेली माणसं कुठे असतात?

मांडवीकाठ
चवथीला फोंड्याला माहेरी गेले होते. आरती-जेवण आटोपल्यावर भाच्यांनी टीव्हीवर नेटफ्लिक्सचा 'करी अँड सायनाइड' हा माहितीपट लावला. केरळातल्या कूडत्तायी गावात एकाच कुटुंबातली सहा माणसं २००२ ते २०१६ ह्या काळात एकेक करून गेली आणि २०१९ मध्ये त्या घरच्या सुनेला अटक झाली, ती ही हकिकत. दीडेक तासाचा आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर बघा.

सांगायचं कारण त्यातली नणंद. आई, वडील, भाऊ, तिघंही गमावलेली ती बाई कॅमेऱ्यासमोर शांतपणे बोलते. भावाच्या शवविच्छेदनात २०११ मध्येच सायनाइड सापडलं होतं, तरी आत्महत्या म्हणून प्रकरण मिटलं. ही बहीण आणि तिचा दुसरा भाऊ मागे लागले नसते तर ते उघडलंच नसतं.

माझी मावशी उरलेल्या नेवऱ्या डब्यात भरत होती. तिनं मध्येच विचारलं, "ती आवय कशी आशिल्ली गो?" सुनेनं असं का केलं, हे तिनं विचारलंच नाही. आई कशी होती, तेवढंच विचारलं. आणि मला सांगता आलं! शिक्षिका होती, घर तिच्या हातात होतं. त्या दिवसापासून कुठलाही असा माहितीपट संपला की मी मावशीचा प्रश्न स्वतःला विचारते. बहुतेक वेळा उत्तर देता येत नाही. खुन्याचं बालपण, त्याची नजर, त्याच्या सवयी सगळं पाठ होतं आणि मेलेली बाई एका फोटोपुरती उरते. 'इंडियन प्रिडेटर' ह्या मालिकेचं तर नावच शिकाऱ्याचं आहे. असे माहितीपट मी सुचवणार नाही.

वकिलीण_पणजी
तुमची कसोटी मनाला भिडते, पण ती अपुरी आहे. 'करी अँड सायनाइड' आला डिसेंबर २०२३ मध्ये. तेव्हा खटला चालू होता. नणंदेचं दुःख खरं आहे, तरीही ती तक्रार करणाऱ्या बाजूची आहे. तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून आपण घरबसल्या निकाल देऊन मोकळे होतो. ज्यांची साक्ष अजून व्हायची आहे, ती माणसंही टीव्ही बघतातच ना?

उलटंही होतं. शीना बोरा प्रकरणात आरोपी असलेल्या इंद्राणी मुखर्जींवरची मालिका २०२४ मध्ये आली. सीबीआय ती थांबवायला मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायाधीशांनी आधी ती स्वतः पाहिली, मग वाट मोकळी केली. म्हणजे खटला चालू असताना आरोपीलाही खुर्ची, दिवे, मेकअप आणि तासन्‌तास वेळ! माझं म्हणणं साधं आहे. खालच्या कोर्टाचा निकाल लागेपर्यंत माहितीपट नको, मग तो कितीही हळवा असो.

बार्देसकार
वकिलीणबाई, इथे मी तुमच्या पूर्ण विरोधात आहे. निकालापर्यंत थांबायचं म्हणजे किती? आपल्या गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी २००८ मध्ये १५ वर्षांची ब्रिटिश मुलगी मृत सापडली. पोलीस म्हणाले, बुडाली. आई हटून बसली, दुसरं शवविच्छेदन झालं, अंगावर जखमाच जखमा निघाल्या. २०१६ मध्ये दोन्ही आरोपी सुटले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं त्यातल्या एकाला दोषी धरून १० वर्षांची शिक्षा दिली. अकरा वर्षं! वर्तमानपत्रं आणि कॅमेरे मागे नसते तर ती फाईल 'बुडून मृत्यू' म्हणून कधीच कपाटात गेली असती.

आणि निकाल लागला म्हणजे खरं कळलं असंही नाही. 'द थिन ब्लू लाइन' बघा, १९८८ चा. डॅलसमध्ये पोलिसाच्या खुनासाठी आधी फाशी आणि मग जन्मठेप झालेला माणूस त्या माहितीपटानंतर, १९८९ मध्ये सुटला. त्यात तोच प्रसंग पुन्हा पुन्हा नटांकडून करून दाखवलाय. मिल्कशेकचा पेला हवेतून सावकाश येऊन रस्त्यावर पडतो, ती चौकट माझ्या डोक्यातून जात नाही. दर वेळी प्रसंग थोडा बदलतो, कारण प्रत्येक साक्षीदार वेगळं सांगतो. आपण बघता बघता साक्षींवर शंका घ्यायला लागतो. हल्ली उलट आहे. अंधारी खोली, हातमोजे, सुरा, धडधडतं संगीत, आणि हे असंच घडलं अशा थाटात दाखवायचं. माझा राग त्या नाट्यीकरणावर आहे, माहितीपटाच्या वेळेवर नाही.

वकिलीण_पणजी
डॅलसच्या माणसाला आधी शिक्षा झाली होती, मग माहितीपट आला. म्हणजे तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं. हणजूणच्या बाबतीत मात्र मान्य करते, तिथे बातमीदार गप्प बसले असते तर अनर्थ झाला असता. पण रोजची बातमी वेगळी आणि तीन भागांत रंगवलेली कथा वेगळी.

पर्वरीचा
खुन्याला नायक करणं फक्त नेटफ्लिक्सच करतं असं नाही. एप्रिल १९८६ मध्ये मुंबईचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी चार्ल्स शोभराजला आमच्या पर्वरीच्या हॉटेलात धरलं. पुढे तिथे पुतळा बसला तो शोभराजचा. लोक शेजारी बसून फोटो काढतात. त्यानं मारलेल्या एका तरी मुलीचं नाव त्यांतल्या कोणाला येतं?

अंत्रुजकरीण
धागा वाचून राहवलं नाही. २००९ मध्ये मी फोंड्याला कॉलेजात होते. 'दुपट्टा किलर' पकडला गेला ते वर्ष. १६ बायकांच्या खुनांचे आरोप, पहिला १९९४ मधला. लग्नाचं आमिष दाखवायचा, दागिने घालून ये म्हणायचा आणि तिच्याच दुपट्ट्यानं गळा आवळायचा. आपली मुलगी लग्न करून कुठेतरी सुखात असेल असं काही घरांना वाटत राहिलं. पुढे बऱ्याच खटल्यांत तो पुराव्याअभावी सुटला, मोजक्याच खटल्यांत शिक्षा झाली.

त्या उन्हाळ्यात आईनं माझ्या सगळ्या दुपट्ट्यांना खांद्यापाशी सेफ्टी पिना लावल्या. उपयोग काय होणार होता? पण ती रोज सकाळी दारात पीन तपासायची. बसमधल्या इतर मुलींच्याही दुपट्ट्यांना तशाच पिना दिसायला लागल्या.

मला त्याच्यावर माहितीपट नको. त्या मुलींवर हवा. पंधरा वर्षं एकीची तक्रार दुसरीच्या तक्रारीशी कोणी जुळवून का पाहिली नाही, गरीब घरची मुलगी घरातून गेली की "पळून गेली असेल" असं पटकन का म्हटलं गेलं, ह्यावर हवा. वकिलीणताई, त्याला तुमची हरकत असेल?

वकिलीण_पणजी
नाही. घरच्यांनी आधी होकार दिला असेल, तर नाही.

मांडवीकाठ
अंत्रुजकरीण, पिनांचं मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तिनंही माझ्या बहिणीला लावल्या होत्या. मला हे आजच कळलं.