'ऑटोइम्यून'ला मराठीत काय म्हणावं?

भाचीला टाइप वन मधुमेह निघाला, वय वर्षं नऊ. आईला मी सांगितलं, "हा रोगप्रतिकारशक्तीचा आजार आहे." दुसऱ्या दिवशी च्यवनप्राशची बरणी हजर, साखरेसकट! चूक तिची नाही, माझ्या शब्दाची. 'स्वयंप्रतिरक्षा' वाचलाय, पण तो ऐकून कराटेचा वर्ग आठवतो. दुसरा काही आहे का?

सोलापूरकर: 'शक्ती'नेच घोळ केलाय. शक्ती म्हटली की कमी झाली, वाढवा. आमच्याकडे सरळ म्हणतात, कुंपणानेच शेत खाल्लं.

जीवशास्त्राची बाई: म्हण झकास, पण त्यातलं कुंपण बेइमान आहे. टी पेशी (रक्तातल्या पहारेकरी पांढऱ्या पेशी) बेइमान नसतात. स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना त्या परक्या समजतात आणि मारतात. (या बीटा पेशी लँगरहान्सच्या बेटांवर, म्हणजे स्वादुपिंडातल्या पेशींच्या पुंजक्यांत, राहतात. इन्सुलिन हे नावही लॅटिन 'इन्सुला' म्हणजे बेट, यावरूनच.) म्हणून उपायही उलटा. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं टेप्लिझुमॅब हे औषध टी पेशींना जोर देत नाही, त्यांचा मारा सौम्य करतं. आजार त्याने टळत नाही, लांबतो.

मला 'प्रतिपिंड' (अँटीबॉडी) हा शब्दही खटकतो. 'स्वादुपिंडाविरुद्धचे प्रतिपिंड' वाचून मुलं विचारतात, कोणता पिंड कोणाविरुद्ध? 'प्रतिद्रव्य' बरा. १९७४ मध्ये लंडनच्या बोत्तात्झो, डोनिआक वगैरे मंडळींना रुग्णांच्या रक्तात बेटांविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली, तेव्हा टाइप वन हा शरीराने स्वतःवरच केलेला हल्ला आहे, या तर्काला मोठं बळ मिळालं. पण ती मुख्य मारेकरी नव्हेत. रक्त तपासताना दिसणारी खूण म्हणून आपण त्यांना ओळखतो.

सोलापूरकर: मग 'आत्मघातकी प्रतिकार'?

जीवशास्त्राची बाई: नऊ वर्षांच्या पोरीच्या कानावर 'आत्मघातकी' नको हो! शिवाय अशा माऱ्याला आवर घालणाऱ्या पेशीही असतात. जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवल्या, २०२५ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्याचाच. त्या पेशींसाठी लागणारं फॉक्सपी३ जनुक बिघडलेल्या बाळांना कधी कधी पहिल्या काही महिन्यांतच टाइप वन होतो. माझं मत 'स्व-अनोळख'ला. लिहायला बेंगरूळ आहे, कबूल.

मूळ प्रश्नकर्ता: आईला काल सांगितलं, पहारेकऱ्यांनी घरच्यांनाच चोर समजून बडवलं. ती म्हणाली, "म्हणजे चकवा लागलाय त्यांना." मी तूर्तास 'चकवा'च वापरतोय. बरणी जावईबापू संपवताहेत.