अँड्रॉइड टॅबवर लेबलसाठी फॉन्ट कसा टाकायचा? मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही हवेत

बाळीवेस_टॉवेल
चादर-टॉवेलच्या पिशवीत टाकायचं लेबल टॅबवरच करायचंय. माप १० × ६ सेंमी, ॲप पिक्सेललॅब. माल विजापूर आणि हैदराबादकडेही जातो, म्हणून मजकूर तिन्ही लिप्यांत. प्रेसमधून पेनड्राइव्हवर टीटीएफ फॉन्ट मिळालेत. ॲपमध्ये त्यांची नावं दिसतात, निवडताही येतात, पण मराठी अक्षर काही बदलत नाही. टॅबच्या सेटिंगमध्ये फॉन्ट इन्स्टॉल करायची सोयही सापडत नाही. कुठं अडतंय? आणि आयपॅडवर हे सोपं आहे का?

शेंगाचटणी
मालक, फाइल खराब नाही, फॉन्ट जुन्या पद्धतीचे असणार. इंग्रजी कीबोर्डवरून a b c टाइप करून बघा. मराठी अक्षरं उमटली की समजा फॉन्ट युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची जागा देणाऱ्या पद्धतीचा) नाही. जुने श्रीलिपी, कृतीदेव असेच आहेत: इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले. तुम्ही मराठी कीबोर्डवरून 'श' लिहिता तेव्हा त्या फॉन्टमध्ये 'श'ची खरी जागा रिकामीच असते. मग टॅब गुपचूप स्वतःचा नोटो फॉन्ट लावतो. नाव एकाचं, अक्षर दुसऱ्याचं.

युनिकोड फॉन्ट घ्या. तिन्ही लिप्या एका घाटाच्या हव्या असतील तर 'अनेक' उत्तम: अनेक देवनागरी, अनेक कन्नड, अनेक तेलुगू, आणि इंग्रजीसाठी अनेक लॅटिन. जरा गुबगुबीत चालणार असेल तर बलू २, कन्नडला बलू तम्मा २, तेलुगूला बलू तम्मुडू २. सगळे गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, त्यामुळे विकायच्या मालाच्या लेबलवर छापायला हरकत नाही. बाकी साइटींवरचे 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' लिहिलेले फॉन्ट लेबलला चालत नाहीत.

कडक_भाकरी
सेटिंगमध्ये शोधू नका. अँड्रॉइडचे फॉन्ट सिस्टिम फोल्डरमध्ये असतात आणि रूट केल्याशिवाय (टॅबचं कुलूप तोडून पूर्ण ताबा घेतल्याशिवाय) तिथं हात घालता येत नाही. काही कंपन्या डिस्प्ले सेटिंगमध्ये फॉन्ट बदलू देतात, पण त्यानं मेनूची अक्षरं बदलतात, तुमचं लेबल नाही. टॅबवर फॉन्ट ॲपगणिक टाकावा लागतो.

गूगल फॉन्ट्सवर 'गेट फॉन्ट', मग 'डाउनलोड ऑल'. आलेली झिप टॅबच्या 'फाइल्स' ॲपमध्ये उघडून एक्स्ट्रॅक्ट करा. आत वरच एक व्हेरिएबल टीटीएफ (सगळ्या जाड्या एकाच फाइलीत) दिसेल, ती सोडा. बऱ्याच ॲपना तिच्यातली एकच जाडी दिसते, आणि बोल्ड दाबलं की ॲप अक्षर नुसतं फुगवतं. बारीक आकारात अनुस्वार आणि मात्रा भरून जातात. 'स्टॅटिक' फोल्डरमधून रेग्युलर, सेमीबोल्ड आणि बोल्ड एवढ्याच फाइली घ्या. 'अनेक'मध्ये अरुंद-रुंद प्रकारांचा ढीग असतो, सगळा ओतलात तर यादीत हरवाल. तिन्ही लिप्यांच्या निवडक फाइली एका नव्या फोल्डरमध्ये ठेवा. पिक्सेललॅबमध्ये मजकूर निवडून फॉन्ट, तिथं 'माय फॉन्ट्स', फोल्डरच्या चिन्हावरून तो फोल्डर जोडा. यादी रिकामी दिसली तर टॅबच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲपला फाइलींची परवानगी दिली आहे का ते आधी बघा.

कॅनव्हामध्ये स्वतःचा फॉन्ट चढवायला पैसे भरलेलं खातं लागतं. गूगल डॉक्सच्या अँड्रॉइड ॲपमध्ये तर ती सोयच नाही.

बाळीवेस_टॉवेल
a b c वर खरंच मराठी उमटतंय. अनेक देवनागरी टाकला, मराठी बदललं. पण त्याच चौकटीतलं तेलुगू वेगळंच दिसतंय.

शेंगाचटणी
अनेक देवनागरीत तेलुगू अक्षरं नाहीतच, म्हणजे तीच नोटोची भानगड. प्रत्येक लिपीची चौकट वेगळी करा आणि तिला तिचा फॉन्ट लावा. कन्नड-तेलुगूत जोडाक्षराचा दुसरा भाग ओळीखाली लटकतो, तिथं ओळींमधलं अंतर मराठीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर खालच्या ओळीला टेकतो.

कुठलाही फॉन्ट पक्का करण्याआधी 'चौऱ्याऐंशी, ॲसिड, क्षार, ज्ञान, श्री' एवढं लिहून बघा. 'ऱ्या' तुटला किंवा 'ॲ'च्या जागी चौकोन आला तर तो फॉन्ट सोडा. ल आणि श यांची वळणं मराठी हवी असतील तर 'तिरो देवनागरी मराठी' बघा. पण त्यात ठळक जाडी नाही, त्यामुळे मथळ्याला कमी पडतो.

हुरडा_कट्टा
आयपॅडबद्दल: आयपॅडओएस १३ पासून फॉन्ट देणारी ॲप चालतात. आयफॉन्टसारखं ॲप घ्या, टीटीएफ आत आणा, इन्स्टॉल दाबा. प्रोफाइल डाउनलोड झालं की सेटिंग्जमध्ये वरच दिसतं, तिथून मंजूर करा. 'सही नाही' अशी लाल सूचना येते, प्रोफाइल ॲपनंच बनवलेलं असल्यानं ती येणारच. नंतर प्रोफाइल काढलंत तर फॉन्टही जातो. पेजेससारख्या ॲपमध्ये हे फॉन्ट लगेच दिसतात. प्रोक्रिएटला यातलं काहीच लागत नाही, मजकुराच्या खिडकीत 'इम्पोर्ट फॉन्ट' आहे. फक्त ह्या कामासाठी आयपॅड घेऊ नका, तुमचं काम आहे त्या टॅबवर होतंय.

छपाईचं मात्र बघा. पिक्सेललॅबमधून चित्र निघतं, म्हणून कॅनव्हास सुरुवातीलाच मोठा घ्या. १० × ६ सेंमी ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १,१८१ × ७०९ पिक्सेल होतात. धुण्याच्या सूचना बारीक असतील तर दुप्पट, २,३६२ × १,४१८ ठेवा आणि जेपीजी नको, पीएनजी काढा. कडेला कापायची जागा म्हणून चारी बाजूंनी ३ मिमी हवी असेल तर तीही या मापात मिळवा.

पुढंमागं पीडीएफ देणार असाल तर प्रेसला सांगा, कोरलड्रॉमध्ये आणताना 'इम्पोर्ट टेक्स्ट ॲज'मध्ये 'कर्व्ह्ज' निवडा, म्हणजे अक्षरं नुसते आकार म्हणून येतात. 'टेक्स्ट' ठेवलं आणि त्यांच्याकडे अनेक तेलुगू नसेल, तर तिकडं पुन्हा भलताच फॉन्ट बसेल.