मदत हवी आहे: कुंडीतला जिवंत ख्रिसमस ट्री खालून वाळतोय (इंदूर)

नमस्कार मंडळी,

गेल्या नाताळाला आमच्याकडे पहिल्यांदा जिवंत झाड आलं. त्याआधी पंधरा वर्षं प्लॅस्टिकचंच होतं. दर डिसेंबरात माळ्यावरून काढायचं, धूळ झटकायची, तुटक्या फांदीला तार बांधायची. सासरे म्हणायचे, "याला वासच नाही." (आताच्यालाही फारसा नाही, पण ते आता काही बोलत नाहीत.)

नर्सरीवाल्या भैयांनी 'ख्रिसमस ट्री' म्हणून दिलं ते अरोकेरिया. एका कुंडीत चार रोपं, सगळ्यात उंच माझ्या कमरेएवढं, टोकांना चांदीचा रंग फवारलेला. डिसेंबरभर बैठकीत छान राहिलं. जानेवारीत छतावर ठेवलं (गच्ची हो, आम्ही इंदूरकर छतच म्हणतो). फेब्रुवारीत मोठ्या कुंडीत हलवलं, अंगणातली काळी माती आणि शेणखत निम्मं-निम्मं घातलं. मे महिन्यात अगदी खालच्या फांद्या टोकाकडून तपकिरी व्हायला लागल्या. हिरवी जाळी बांधली, पाणी दोन वेळा केलं. पाणी घातलं की लगेच खालच्या बशीत उतरतं, म्हणजे निचरा तर चांगला आहे. तरी दोन थर गेले. पावसाळ्यात थांबलं, आणि आता पाऊस जाऊन महिना झाला तर तिसरा थर वाळायला लागलाय.

वाळलेल्या जागी परत फुटतं का? चारही रोपं वेगळी करू का? एकाचा शेंडा भाच्याच्या चेंडूने मोडला, त्याचं काही होईल का? नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या (अ‍ॅडव्हेंट) पहिल्या रविवारी झाड घरात घ्यायचं आहे आणि आमच्या बैठकीला एकच खिडकी, पूर्वेची. दुसऱ्या नर्सरीत विचारलं तर "छोड़ो दीदी, मोरपंखी ले जाओ" एवढंच उत्तर मिळालं.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: पाणी 'लगेच' उतरतं. काळी माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून खाली पळतं, मधला गोळा कोरडाच राहतो. झाड तहानलेलं आणि बशी भरलेली. पावसाळ्यात माती सतत ओली राहून फुगली, म्हणून वाळणं थांबलं.

आत्ता एवढंच करा. कुंडी मोठ्या टबमध्ये कडेपर्यंत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग पूर्ण निथळू द्या. यापुढे बोटाचं एक पेर माती कोरडी झाली की मगच पाणी, आणि बशीत साचलेलं ओतून टाका. मुळं पाण्यात बसली तरी फांद्या अशाच वाळतात. लाल माती, वाळू, थोडं कोकोपीट आणि शेणखत असं मिश्रण करून फेब्रुवारीत माती बदला, थंडीत मुळं हलवू नका. खतही तोवर नको.

खालचे थर मात्र गेले ते गेले. या जातीत वाळलेल्या फांदीच्या जागी नवी येत नाही. पूर्ण वाळलेल्या फांद्या खोडालगत कापा, अर्ध्या हिरव्या असतील त्या राहू द्या.

हे मूळचं नॉरफोक बेटाचं झाड, पॅसिफिक महासागरातलं. कॅप्टन कुक 1774 मध्ये तिथे पोचला तेव्हा त्याला ही सरळसोट खोडं जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी उत्तम वाटली होती. बेटाच्या झेंड्यावरही हेच झाड आहे. समुद्राच्या दमट हवेतलं लेकरू आपल्या मे महिन्यातल्या लू मध्ये छतावर ठेवल्यावर आणखी काय करणार? पुढच्या उन्हाळ्यात खाली, पूर्वेच्या भिंतीशी ठेवा.

प्रतिसाद २

मातीचं पटलं. चार रोपांबद्दल: नर्सरीवाले कुंडी भरगच्च दिसावी म्हणून असं करतात. वर्षभरात मुळं एकमेकांत गुंततात. मी बळजबरीने दोन वेगळी केली होती, त्यातलं एक महिन्याभरात गेलं. त्यापेक्षा सगळ्यात कमजोर रोप मातीलगत कापून टाका, उपटू नका.

मोडक्या शेंड्याखाली खोडातून नवा शेंडा फुटू शकतो, कधी दोन-तीनही फुटतात. एकच ठेवा. बाजूची फांदी कापून रोप करायचा मोह होईल, पण ती जगली तरी आडवीच वाढते.

पूर्वेची खिडकी उत्तम. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवा, नाहीतर झाड उजेडाकडे झुकतं. पंख्याखाली नको. माळ एलईडीचीच, जुने तापणारे बल्ब नकोत, आणि जड घंटा कोवळ्या फांद्यांवर नकोत. जानेवारीत बाहेर काढाल तेव्हा आधी आठवडाभर सावलीत ठेवा. चांदीचा रंग ओल्या फडक्याने निघतो का बघा, रंगाखालच्या पानांना उजेड मिळत नाही. आणि मोरपंखीला कमी लेखू नका, आपल्या उन्हात ती जास्त टिकते. फक्त थरांचा डौल तिला नाही.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. कुंडी आज सकाळी टबात बुडवली. चांगली पंधरा मिनिटं बुडबुडे येत होते, सासरे शेजारी खुर्ची टाकून बघत बसले होते. बाहेर काढल्यावर दोघांनाही उचलेना.

चांदी थोडीच निघाली. कमजोर रोप कापायला मात्र घरात कोणी तयार नाही, म्हणजे ते नाताळानंतरच. तारा मोडक्या शेंड्याच्या रोपावर लावायचा असं भाच्याने परस्पर ठरवलंय.